परत आत ठेवलेल्या माश्या

तिला सगळे आत्या म्हणायचे. खरी आत्या ती फक्त भावाच्या दोन मुलींची. पण त्यांचं ऐकून दुकानदार, पोस्टमन, एवढंच काय, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा सुतारही तिला आत्याच म्हणू लागला. त्याच सुताराने बनवलेल्या नऊ मधपेट्या तिच्या घरामागच्या उतारावर रांगेने मांडलेल्या होत्या. कुंपणापलीकडे भावाची सफरचंदाची बाग. तिच्या माश्या त्याच्या फुलांवर जगायच्या आणि त्याची फळं तिच्या माश्यांवर. बहीणभावांत इतका सरळ व्यवहार सहसा नसतो.

रोज सकाळी चहाच्या आधी आत्या प्रत्येक पेटीला कान लावायची. झाकण उगीच उघडायचं नाही, आतली ऊब जाते, हा तिचा नियम. राणी असली की आतला सूर भरलेला, एकसारखा. राणी गेली की पेटी रडते, असं ती म्हणायची, आणि एकदाही चुकली नव्हती. तीस वर्षं कान लावूनही तिचं नवल ओसरलं नव्हतं. "एवढ्याशा डोक्यांना हे सगळं शिकवलं कुणी?" असं ती येईल त्याला विचारायची, आणि समोरचा निरुत्तर झाला की खूश व्हायची. तिच्या डाव्या गालावर फळीचा वळ उठलेला असायचा. त्यावरून भाऊ चिडवायचा, "आज कितव्या पेटीने गालगुच्चा घेतला?"

त्या वर्षी बाग फुलली, भावाने नेहमीची फवारणी केली, आणि थोड्याच दिवसांत पेट्यांपुढच्या गवतात माश्या चालताना दिसू लागल्या. उडणाऱ्या माश्या चालत होत्या. नुकत्याच जन्मलेल्या, अंग आखूड, पंख चुरगळलेल्या कागदासारखे.

आत्या बशी आणि कोंबडीचं पीस घेऊन गवतात बसली. एकेकीला पिसाने बशीत घ्यायची, तळहाताची ऊब द्यायची आणि पेटीच्या दारात सोडायची. दारावरच्या पहारेकरी माश्या तिला ओढून पुन्हा बाहेर टाकायच्या. मग आत्या पहारेकऱ्यांवर करवादायची, "माजलात का गं? बहीण आहे ती तुमची." आणि पुन्हा आत घालायची. असं रोज, तासन् तास चाललं. चहा निवून जायचा. बघणाऱ्याला वाटावं, केवढी मायेची बाई. होतीच ती.

पेट्या मात्र एकामागून एक ओस पडत गेल्या. नवाच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन, आणि उन्हं तापेपर्यंत एकच उरली. सासूने तिला संसाराच्या पहिल्या वर्षी एक पेटी दिली होती. त्या माश्यांचा वंश आता या एका पेटीत होता. ही गेली की सगळंच संपलं.

आत्या भावाकडे गेली. "दादा, काय फवारलंस तू?"

"दरवर्षीचंच. आणि मला सांग, फवारलं त्या दिवशी एक तरी माशी मेली? मी स्वतः झाडाखाली वाकून बघितलं. औषध बाधलं असतं तर जागच्या जागी पडल्या असत्या."

त्या दिवशी खरंच एकही माशी मेली नव्हती. शिवाय आपलेच दात, आपलेच ओठ. ती परतली.

शेवटी मधमाश्यांच्या रोगांची तपासणी करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मेलेल्या माश्या बाटलीत भरून नेल्या आणि आठ दिवसांनी येऊन रिकाम्या पेटीवर बसल्या. "औषध सापडलं, आत्या. थोडंच. मरण्याइतकं नाही, पण माशीची आजाराशी झुंजायची ताकद त्याने खचते. पंख चुरगळवणारा हा विषाणू पेटीत आधीपासून असतो, गप्प पडून. यंदा त्याला मोकळं रान मिळालं असावं."

"आणि या गवतात पडतात त्या? मी उचलून परत आत ठेवते हो सगळ्यांना."

बाईंचं लिहिणं थांबलं. "ठेवू नका. आजारी माशी पुष्कळदा आपणहून पेटी सोडते. उरलेल्यांना लागण होऊ नये म्हणून, असं आम्हाला वाटतं. पहारेकरी ओढतात तेही त्यासाठीच."

बाई गेल्यावर आत्या उतारावरच बसून राहिली. शरम वाटत होती, फार वाटत होती. पण नवल त्याहून मोठं होतं. जन्माला येऊन एक दिवस न झालेला जीव, एकदाही न उडालेला, आपलं काय बिघडलंय हे ओळखतो आणि घरच्यांसाठी दाराबाहेर चालू लागतो. आणि आपण तीस वर्षांच्या जाणत्या, बशी घेऊन त्याच्या आडव्या येत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भावाला बोलावून घेतलं. बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं, स्वतःचं बशीचंही. "तू ताकद काढून घेतलीस, मी आजार आत नेऊन ठेवला," ती म्हणाली. "आता नुसतं बघ."

दोघं पेटीपुढे उकिडवे बसले. बऱ्याच वेळाने एक माशी दारात आली. चुरगळलेले पंख, पण चालणं नेटाचं. ती फळीच्या कडेवरून गवतात पडली, उठली, आणि पेटीकडे पाठ करून चालू लागली. भावाचं बोट नकळत पुढे गेलं. आत्याने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, दादा. जाऊ दे तिला."

माशी गवताच्या पात्यांआड दिसेनाशी झाली. भावाने तोंडावरून हात फिरवला. मग आयुष्यात पहिल्यांदा तो पेटीला कान लावून बसला, इतका वेळ की आत्याचे गुडघे भरून आले.

"राणी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. रडत नाहीयेत."

ती पेटी थंडीतून तगली. पुढच्या वर्षी बाग फुलली तेव्हा फवारणीचा पंप खिळ्याला टांगलेलाच राहिला, पाकळ्या पार गळेपर्यंत. थोडी फुलं किडीने खाल्ली. त्या दिवसांतल्या एका सकाळी चहा देताना धाकट्या मुलीने विचारलं, "बाबा, गालाला काय झालं?"

त्याच्या डाव्या गालावर फळीचा वळ उठला होता.