मागची बाजू जड

ऑक्टोबरमधला शनिवार, सकाळचे साडेदहा. हजर: मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. ठिकाण: अमेरिकेत, आमच्या हर्नडनपासून तासाभरावरचं दुकान, गाडीमागे ओढून न्यायच्या, आत राहता येणाऱ्या ट्रेलरचं. काम: दोन ट्रेलरपैकी एक ठरवणं.

एक हायब्रिड. मधला भाग पक्क्या भिंतींचा, दोन्ही टोकांना बाहेर उघडणारे पलंग आणि त्यांना कॅनव्हासच्या भिंती. वजनाला हलका. दुसरा नेहमीचा फॅमिली ट्रेलर: चारही बाजूंनी पक्का, आत कायमचा बुटका पलंग, ओढायला जड. कागदावर दोन रकाने मी घरूनच आखून आणले होते.

सासूबाईंनी हायब्रिडचा कॅनव्हास दोन बोटांनी दाबून पाहिला. "हा तर तंबूच आहे. अस्वल आलं म्हणजे?"

"आजी, ते नॉक नाही करणार," मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली.

हायब्रिडचा पलंग सासूबाईंच्या छातीइतका उंच होता. त्यांच्या गुडघ्यांनी तिथे चढणं शक्य नव्हतं. त्या पक्क्या ट्रेलरमध्ये जाऊन बसल्या. नवरा आणि मुलगी त्यांच्यामागे गेले. मी सेल्समनबरोबर बाहेर थांबले, कारण मला एक गोष्ट विचारायची होती.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही असाच एक पक्का ट्रेलर भाड्याने घेऊन डोंगरात निघालो होतो. दोन रात्रींसाठी मी अख्खं स्वयंपाकघर बरोबर घेतलं होतं: दहा किलो कणीक, तांदूळ, दोन कुकर, मिक्सर, बिडाचा तवा, पाण्याच्या बाटल्यांचे चार खोके. त्या ट्रेलरचं स्वयंपाकघर अगदी मागच्या टोकाला होतं, म्हणून सगळं तिथेच रचलं. पुढे सासूबाईंचा पलंग. त्यांना वाकावं लागू नये म्हणून त्याच्याखालचा कप्पा मी मुद्दाम रिकामा ठेवला. माझ्या यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे खूण करूनच आम्ही निघालो.

उतारावर एक ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर हलला. आधी थोडा, मग जास्त. आरशात तो एकदा डावीकडे दिसायचा, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक झोक्याबरोबर आमच्या गाडीची मागची बाजू ओढली जायची. सासूबाईंनी मागच्या सीटवरून माझा खांदा धरला. नवऱ्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं आणि कधीतरी आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मी एकेक बोट सोडवलं.

त्या दिवसापासून ट्रेलर जोडलेला नसतानाही नवरा हायवेवर उजव्याच लेनमध्ये राहतो. शेजारून ट्रक गेला की आम्ही दोघंही श्वास रोखतो.

तो ट्रेलर असा का झुलला, असं मी सेल्समनला विचारलं. त्याने उलट मला एवढंच विचारलं, की सामान कुठे ठेवलं होतं. मी सांगितलं. मग त्याने धुळीत बोटाने एक चौकोन काढला, मधे चाकं काढली, आणि जड सामान चाकांच्या पुढे हवं हे दाखवलं. सगळं मागे गेलं तर ट्रेलर शेपटासारखा झुलतो, चालवणारा कितीही चांगला असो. लकी आहात, तो म्हणाला. हायब्रिडलाही हेच लागू का, असं मी विचारलं. त्याने मान डोलावली.

माझ्याच यादीने आम्हा चौघांना त्या उतारावर नेलं होतं.

तेवढ्यात नवरा बाहेर आला. "हलकाच घेऊ," तो म्हणाला. "मोठा मला नाही झेपणार. त्या दिवशी माझ्यामुळे सगळे गेलो असतो." मुलगी म्हणाली, "बाबा, इट वॉज द ट्रक." त्याने नुसती मान हलवली.

बोलायची वेळ तीच होती. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

परतताना गाडीत सासूबाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही तिघं जाऊन या रे. मी घरी राहीन. मला कुठे जमतं आता." त्याने आरशात त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. त्या डिसेंबरात परत जाणार आहेत, आणि पुढच्या वर्षी येतीलच असं कोणी म्हणत नाही.

सांगितलं नाही, तर तो स्वतःला दोष देत राहील आणि आई मागे राहील. सांगितलं, तर तो मोठा ट्रेलर घेईल, मी सामान नव्या पद्धतीने लावीन, आणि आम्ही पुन्हा त्याच उतारावर असू. मला दोन्हींची भीती वाटते. रात्रीपेक्षा सकाळी जास्त, तो किल्ल्या उचलतो तेव्हा.

दुकानदाराने दोन्ही ट्रेलर गुरुवारपर्यंत राखून ठेवलेत. आज बुधवार. विम्याची चौकशी झाली, गाडीची ओढण्याची क्षमता तपासून झाली, पार्किंगसाठी सोसायटीची परवानगी आली. नवरा आत्ता खाली हायब्रिडचा फॉर्म भरतोय. त्याला अजून सांगायचं आहे.