तांब्यावरचा पेला

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आमच्या गावातलं आमचं घर पडलं. आई बाहेर आली होती. धाकट्या भावाला आणायला परत आत गेली. दोघंही गेली. वडील आणि मी वाचलो. मी आठ वर्षांची होते.

पुढचे काही महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले. निजण्याआधी वडील तांब्यावर स्टीलचा पेला तिरपा तोलून ठेवत. "ह्यो पडला की पळायचं. कुणाची वाट बघायची न्हाई."

उन्हाळ्यात नांदेडहून मामा मला न्यायला आला. निलंग्याच्या स्टँडवर वडिलांनी माझ्या पिशवीत तोच तांब्या-पेला घातला. "नांदेडची जमीन हालत न्हाई," म्हणाले.

"मग ह्ये कशाला देऊन राहिलात, दाजी?" मामाने विचारलं.

"पाणी प्यायला."

गाडी सुटली तेव्हा मी रडले नाही, असं मामा सांगत असे. मला आठवत नाही.

त्या वर्षी गावातून मामा-मावशीकडे गेलेली पोरं आता चाळिशीत आहेत. लग्नात भेट होते. सगळे दाराजवळची खुर्ची धरतात.

गाव कुठलं विचारलं, की मी नांदेड सांगते. विष्णुपुरीकडे आमचा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरांनी एकदा झोपेबद्दल विचारलं. लागते, मी म्हणाले. लागते; फक्त दाराला कडी नको, उशाशी चप्पल हवी आणि तांब्यावर पेला हवा. सासूबाई भोकरच्या. त्यांना तो आमचा कुळाचार वाटला. "लातूरकडं रीतच हाय तशी, मोडायची न्हाई," असं त्या शेजारणींना सांगत आणि अमावास्येला पेल्याला हळदकुंकू लावत. मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही.

गेल्या वर्षी माझी मुलगी शिवानी अकरावीसाठी लातूरला गेली. नांदेडच्या स्टँडवर मी तिच्या बॅगेत तांब्या-पेला ठेवला. पेला पडला की पळायचं, एवढंच सांगितलं. कुणाची वाट बघायची नाही, हे वडिलांचं दुसरं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते सांगायला हवं होतं का, हे पुढे वर्षभर ठरलं नाही.

यंदा एका पहाटे लातूरला हलका धक्का बसला. नुकसान झालं नाही. पेला पडला. शिवानीने हॉस्टेलच्या खोलीतल्या मुलींना उठवलं, मग शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. "भूकंप हाय का टेस्ट हाय?" एकीने पांघरुणातूनच विचारलं. सगळ्या खाली गेल्यावर शिवानी उतरली. हे तिनेच फोनवर सांगितलं.

वडील पुनर्वसनाच्या गावात राहतात. सरकारने दिलेलं घर आहे. ते अंगणात झोपतात. मी त्यांना फोन केला.

"समद्यांच्या मागून उतरली?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आजीवर गेली."

त्याआधी आईचा विषय त्यांनी माझ्यापाशी कधी काढला नव्हता.

"पेला परत ठिवला का, इचार तिला."

मी विचारलं. ठेवला होता.