जॉबरच्या हातातला पेट्रोलचा डबा

सगळं सांगतो, पण आधी एक कबूल करतो. जॉबर जळून मरावा असं मला वाटलं होतं. तीन-चार श्वास घेण्याएवढाच वेळ, पण खरंच वाटलं होतं.

जॉबर म्हणजे गिरणीत आमच्या खात्याचा मुख्य. मी मशीनला तेल घालायला लागलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आमच्यात रीत अशी, की नव्या माणसानं पहिल्या दिवशी पट्ट्याला नमस्कार करायचा. वरच्या दांड्यावरनं मशीनवर उतरणारा तो चामड्याचा रुंद पट्टा दिवसभर घासत फिरतो, आणि उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की त्याच्यात वीज साठते. जुनी माणसं लांबनं जातात, नव्याला काय ठाऊक? आईनं दिलेली बत्ताशांची थाळी घेऊन मी वाकलो, आणि चट! बोटापासनं खांद्यापर्यंत सुई ओढल्यागत झालं. थाळी उडाली, मी किंचाळलो, सगळं खातं हसलं. त्याचं मला काही न्हाई. सगळ्यांचंच तसं झालेलं होतं.

पण जॉबरनं तेवढ्यावर सोडलं न्हाई. दोन वर्षांनी कुर्डुवाडीची एक पोरगी मला सांगून आली. मी बघितली होती, मला लई आवडली होती. तिच्या घरची माणसं चौकशीला गेली ती नेमकी जॉबरकडं. हा तंबाखू मळत म्हणाला, "पोरगं चांगलं हाय की. फक्त पहिल्या दिवशी मशीनपुढं फिट आली हुती."

फिट! त्या लोकांनी चहासुद्धा पुरा प्याला न्हाई. पोरगी दुसरीकडं दिली. मी जाब विचारायला गेलो तर जॉबर म्हणतो कसा, "आरं, गंमत केली. लगीन काय पळून चाललंय व्हय?"

त्या दिवसापासनं मी त्याच्या वाईटावरच होतो. जेवताना, तेल घालताना, झोपताना, डोक्यात तेच.

आणि मग सोलापुरात विमान आलं! गावाबाहेरच्या माळावर उतरलं, दोन मजली पंखांचं. लोकांना वर फिरवून आणायचं, असा त्याचा धंदा. विमान चालवणारा पुण्याकडचा होता. त्याचा मिस्त्री तापानं पडला, म्हणून त्यानं गिरणीकडं मशीन कळणारा माणूस मागितला. गिरणीनं जॉबरला दिलं, आणि जॉबरनं डबे उचलायला मला घेतलं. विमानवाल्यानं कबूल केलं होतं, की मदतीला येईल त्याला शेवटची फेरी फुकट. जॉबरनं ते अख्ख्या चाळीत सांगितलं. बायकोला, सासऱ्याला, वळसंगच्या दोन मेव्हण्यांना बोलावून गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपाशी पुढंच उभं केलं.

सकाळी विमानवाल्यानं आम्हाला पेट्रोल भरायचं दाखवलं. जमिनीत लोखंडी खुंटी ठोकायची, तिच्यावर पाणी ओतायचं. खुंटीची एक तार विमानाला लावायची, एक डब्याला. मगच नरसाळ्यात पेट्रोल ओतायचं. नरसाळ्यात गाळायला मऊ कातडं लावलेलं. "हवेत धूळ कापत येतं तेव्हा विमानात वीज भरते," तो म्हणाला, "आणि पेट्रोल ओततानाही तयार होते. खाली रबरी चाकं, मग वीज जमिनीत जायची कुठून? एक ठिणगी पडली तर माणूस उरत नाही."

मला लगेच कळलं. आमचा पट्टाच की हा!

जॉबर मात्र विमानाभोवती फिरून आला आणि माझ्या कानात म्हणाला, "हितं पट्टा कुटं हाय? पंखा बंद, मशीन बंद. पट्टा न्हाई तर वीज कुठली? उगं घाबरीवतोय."

बारा वर्षं पट्ट्याजवळ काढलेल्या माणसाला वीज म्हटलं की पट्टाच दिसणार.

दुपारी शेवटच्या फेरीआधी पेट्रोल भरायचं होतं. विमानवाला विमानातल्या बसायच्या पुढच्या खड्ड्यात बसून काहीतरी तपासत होता. जॉबर लाकडी खोक्यावर चढला. तार धोतरात अडकली, तशी त्यानं ती डब्यापासनं सोडवून लांब फेकली. मेव्हण्यांना दिसावं म्हणून डबा उंच धरून लांब धार सोडली. एक डबा संपला. दुसराही निम्मा झाला, तेव्हा धार थांबवून त्यानं घाम पुसला.

तेव्हा मला दिसलं. त्याच्या सदऱ्यावरचा कापसाचा एक पुंजका उठला, सरळ डब्याकडं गेला आणि चिकटला. पट्ट्याजवळ असंच होतं. पुंजका हलला की चटका आलाच.

आता तो डबा पुन्हा नरसाळ्याकडं नेणार होता, टेकला की ठिणगी.

मी गप्प उभा राहिलो. कुर्डुवाडीचं घर दिसलं, अर्धे राहिलेले चहाचे कप दिसले. म्हटलं, टेकव. टेकव की! मग खड्ड्यात बसलेला विमानवाला दिसला, दोरीखालनं आत सरकलेली पोरं दिसली. त्यांच्यासाठी ओरडलो. जॉबरसाठी न्हाई, हे मी आजही छातीला हात लावून सांगतो.

"डबा टेकवू नका! तार न्हाई!"

विमानवाला उडी मारून आला. "हलू नका! डबा बाजूला धरा!" जॉबर दगडागत उभा. विमानवाल्यानं मला खुंटीची तार दिली आणि डब्यापासनं लांब, जॉबरच्या कोपराला लावायला सांगितलं. मला! मी सावकाश गेलो, मुद्दाम सावकाश, आणि लावली.

चट!

दोरीपर्यंत ऐकू गेलं. जॉबर "आयायायायाय!" करून खोक्यावरनं खाली बसला. पटका एकीकडं, तो एकीकडं. मोठा मेव्हणा ओरडला, "दाजी, फिट आली काय?"

देवाशप्पथ, मी त्याला शिकवलं नव्हतं.

विमानवाला जॉबरला एवढंच म्हणाला, "तुम्ही दोरीपलीकडं जा." उरलेला डबा तार लावून मी भरला. मग त्यानं जॉबरसाठी काढून ठेवलेला, विमानात घालायचा चष्मा माझ्या हातात दिला.

वर गेलो! कान बधिर झाले, तळं आरशागत चमकलं, गिरणीची चिमणी काडीएवढी झाली. पण खरं सांगू? मी वाकून सगळा वेळ दोरीपाशी जॉबरला शोधत होतो. त्यानं मान वर करून बघितलेलं मला बघायचं होतं. सापडला न्हाई. सगळी डोकी सांडलेल्या तिळाएवढी.

खाली उतरलो तो गर्दीतनं सरळ त्याच्याकडं गेलो. बायको, सासरा, मेव्हणे सगळे होते. तो हात जोडून काहीतरी बोलायला लागला. मी बोलू दिलं न्हाई.

"वरनं तुमी दिसलाच न्हाई की, जॉबरसाहेब," मी म्हणालो. "लई शोधलं."