फक्कीची रेघ

कोऱ्हाळ्याच्या शाळेत नातीचा कबड्डीचा सामना बघायला गेलो. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा आखत होते. तो वास नाकात शिरला आणि मला बाकावर बसवेना.

असाच वास शेळगावच्या मैदानात होता. मी पंच होतो. अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईत कळंबचा गडी रेघेबाहेर गेला म्हणून मी त्याला बाद दिलं. त्यांचे प्रशिक्षक सलीमभाई, सायकल दुकानवाले, सावकाश माझ्याकडं आले.

"पंचसाहेब, फक्की मोडली न्हाय. एकदा वाकून बघा, मग तुमी म्हणाल ते."

भोवती सगळा गाव जमलेला. वाकलो तर पंचाची पत जाते, असं तेव्हा वाटायचं. आता गुडघे वाकत नाहीत आणि वाकावंसं रोज वाटतं.

"पंचाशी हुज्जत घालायची न्हाय. बाहेर बसा."

ते बसले. चिडलेल्या पोरांनाही त्यांनीच गप्प केलं. कळंब एका गुणानं हरलं.

मैदान रिकामं झाल्यावर मी वाकलो. टाचेचा ठसा आत होता, रेघ शाबूत होती. तेवढ्यात विसरलेली पिशवी न्यायला सलीमभाई परत येताना दिसले. ते पोचायच्या आत मी बुटानं ती रेघ मोडली.