सुर्व्यांची व्हॅन

शोरूममध्ये नोकरी करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. गिऱ्हाईक काचेचा दरवाजा ढकलून आत येतं, तेच किस्सा घेऊन. आमच्या कोल्हापूरच्या शोरूममधले निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत, सात सीटच्या व्हॅनचे. सरकता दरवाजा, बुटकी पायरी, मागं ऐसपैस जागा. सगळे तिचं कौतुक करतात आणि दुसरीच गाडी घेऊन जातात.

ती विकायचं काम सुर्व्यांकडं. साहेबांनी त्यांना सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत एक तरी गेली पाहिजे, नाहीतर व्हॅन बंद आणि तुम्हीही मोकळे. सुर्वे पंचावन्नचे. या वयात त्यांना दुसरी नोकरी कोण देणार?

*

कसबा बावड्याचे एक शेतकरी अख्खं घर घेऊन आले. सातजण बसले, कुणाचा गुडघा कुणाला लागला नाही. सुर्व्यांनी फॉर्म काढला. पाहुण्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "समदं ब्येस हाय. पर दारात लावली तर भावकी इचारंल, शाळंची पोरं सोडाया लागलासा काय?"

फॉर्म परत ड्रॉवरमध्ये गेला.

*

इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्या शेटनी टेस्ट ड्राइव्हला म्हणून गाडी नेली, मागच्या सीटा पाडल्या आणि सुताची पोती भरून पोहोचवून आले. सुर्वे शेजारी बसून मायलेज सांगत होते!

परत आल्यावर शेट म्हणाले, "माल झकास बसतोय. पर मी बसलो की डायवर दिसतोय."

त्यांनी शेजारची उंच, रुबाबदार गाडी बुक केली. सुर्वे दुपारभर सीटवरची तुसं वेचत होते.

*

आता माझा किस्सा. त्याच महिन्यात मी गाडी घेतली, स्टाफ डिस्काउंटमध्ये. घरात माणसं सहा, तरी व्हॅन घेतली नाही. सुर्व्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, उलट स्वतः गाडीला हार घातला. मला अजून लाज वाटते.

*

शेवटच्या आठवड्यात दोन भाऊ आईला घेऊन आले. म्हातारीचे गुडघे गेलेले. ती कुणाचा हात न धरता व्हॅनमध्ये चढली आणि उतरेचना. "हीच घ्या की," म्हणाली. पोरांनी मान हलवली आणि शेजारच्या टेबलावर उंच गाडी बुक केली.

डिलिव्हरी महिन्याच्या शेवटच्या दिवशी होती; तोवर व्हॅन एकही गेली नव्हती. म्हातारीनं गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं, थोरल्यानं नारळ फोडला. तिथून सगळे जोतिबाला जाणार होते. पण तिचा पाय काही पायरीपर्यंत उचलेना. धाकट्यानं काखेत हात घालून उचललं, तशी ती कळवळली.

थोरला म्हणाला, "आई, तू रिक्षानं घरला जा. आमी जाऊन येतो."

गाडी गेली. म्हातारी हातात ताट घेऊन तिथंच उभी. सुर्व्यांनी डेमो व्हॅनची किल्ली घेतली, मीही मागं बसलो. ती पुढच्या सीटवर आपली आपण चढली. सुर्व्यांनी घर कुठं विचारलं. राजारामपुरी, म्हणाली. दहा मिनिटांचा रस्ता.

पहिल्या सिग्नलला ती म्हणाली, "पावणं, मला घाई न्हाय. जरा लांबनं घ्या की."