टीव्हीतल्या बाई आणि आमचे भाऊजी

व्यायाम करण्यासाठी शर्टाला इस्त्री करणारा माणूस अख्ख्या बोरीवलीत एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मुलाकडे जन्मात कधी काही न मागणाऱ्या या गृहस्थांनी गेल्या शिमग्याला गावी जाऊन आल्यावर त्याच्याकडून टीव्हीला जोडायचा व्यायामाचा खेळ मागून घेतला. मांडीला पट्टा बांधायचा, हातात मोठं कडं धरायचं आणि पडद्यावरची तरुण मुलगी करील तसं करायचं. आपली हालचाल खेळाला कळते आणि तो मार्क देतो. त्या मुलीला भाऊजी पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणतात, शाळेत म्हणायचे तसं. बाईंपुढे बनियनवर उभं राहणं त्यांना प्रशस्त वाटत नाही, म्हणून ही इस्त्री.

पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांची चाचणी घेऊन त्यांच्या शरीराचं वय एकाहत्तर ठरवलं. भाऊजी त्रेसष्टचे. त्यांनी कपाटातून शाळा सोडल्याचा दाखला काढून टीव्हीसमोर धरला. बाई हसतच राहिल्या. तेव्हापासून भाऊजींनी वाद घालणं सोडलं आणि शिस्त धरली. जागच्या जागी धावण्याने खालच्या मजल्यावरचा पंखा हलतो म्हणून तिथल्या बेन एकदा वर आल्या. “अंकल, घरात ढोल आणलाय का?” असं त्यांनी विचारलं. भाऊजींनी टीव्हीपुढे तीन गोधड्या अंथरल्या आणि बेन जैन देरासरात दर्शनाला जातात तेवढाच पाऊण तास व्यायामाला नेमून घेतला. बेन आजारी पडल्या की भाऊजींचाही व्यायाम बुडतो, आणि मग ते बेनच्या तब्येतीची इतक्या कळकळीने चौकशी करतात की ती माउली संकोचून जाते.

प्रामाणिकपणाचं तर विचारू नका. एकदा तोल जाऊन ते सोफ्यावर आडवे झाले आणि खेळाने त्याचे वीस मार्क दिले. फुकटचे मार्क त्यांच्या मनाला इतके लागले की सबंध धडा त्यांनी पुन्हा केला. धडा संपल्यावर बाई कौतुक करतात तेव्हा ते मान किंचित झुकवतात. “या घरात मला शाबास म्हणणारी ही पहिलीच,” असं ते एकदा ताईला ऐकवून म्हणाले. ताई म्हणाली, “तिला तुमचे डबे नाही करावे लागत.”

समोर एवढं राष्ट्रीय उद्यान असताना हा माणूस गोधडीवर का धावतो, याची मी वर्षभर यथेच्छ थट्टा केली. मग एका रविवारी अचानक गेलो, तर भाऊजींच्या उजव्या खांद्यावर स्वयंपाकघरातला पाट होता, पाटावर पाच किलो तांदळाची पिशवी, आणि ते गुडघ्यात वाकून डुलत होते. पडद्यावर सारखी सूचना येत होती की ही हालचाल ओळखता येत नाही, सरळ उभे राहा. “सरळ उभं राहून पालखी नाचत नाय, बाई,” भाऊजी धापा टाकत म्हणाले.

ताईने मला आत नेऊन सगळं सांगितलं. शिमग्याला गावात देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. भाऊजी विसाव्या वर्षापासून नाचवत आलेले. गेल्या वर्षी त्यांना दम लागला, आणि मागून पुतण्याने पालखी आपल्या खांद्यावर ओढून घेतली. “काका, तुम्ही सोडा आता, आम्ही बघतो,” एवढंच तो म्हणाला. “परत येताना पनवेल येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत रे,” ताई म्हणाली. त्या दिवसापासून मी थट्टा बंद केली. मला माझीच लाज वाटली.

या शिमग्याला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. ढोल घुमायला लागले आणि भाऊजी इस्त्रीच्या शर्टात पुढे झाले. देवळापुढच्या फणसापासून विहिरीपर्यंत ते नाचत गेले. ताईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. विहिरीपाशी पुतण्या मागे येऊन उभा राहिला, पण या वेळी त्याने पालखीला हात घातला नाही. भाऊजींनी आणखी एक गिरकी घेतली, मग स्वतःच त्याला जवळ बोलावलं आणि पालखी त्याच्या खांद्यावर दिली.

“दमलात?” मी विचारलं.

“नाय रे, दम होता अजून,” ते म्हणाले. “पण गेल्या वेळी त्याने काढून घेतली. या वेळी मी दिली.” त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

बोरीवलीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. टीव्ही लावताच बाईंनी जाहीर केलं की तुम्ही आठ दिवस काहीच व्यायाम केलेला नाही, तेव्हा पुन्हा सोप्या धड्यांपासून सुरुवात करू या. मला त्या बाईंचा भयंकर राग आला.

“अहो, सांगा ना तिला, कुठे होतात ते,” ताई आतून ओरडली.

भाऊजींनी उजवा खांदा हलकेच चोळला. तिथे पालखीच्या दांडीचा काळानिळा वळ होता, आणि त्या वळाला ते ताईला तेल लावू देत नव्हते. “चुकलं, बाई,” ते टीव्हीकडे बघून म्हणाले आणि पहिला धडा सुरू केला. मी पाणी प्यायला आत गेलो. पाट आपल्या जागी परत आला होता, आणि ताई त्यावर बसून मटार सोलत होती.