दाजी आणि लेण्याद्रीची थोरली

आमच्या दाजींइतकी माणसाची पारख जुन्नर-आंबेगावात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि ती सगळीच्या सगळी त्यांना माकडांनी शिकवलेली आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी त्यांनी एसटीची गाडी चालवण्यात काढली. निवृत्त झाले तेव्हा ताईने लेण्याद्रीच्या पायथ्याला नारळ आणि लिंबूसरबताचा स्टॉल टाकला, आणि तिला मदत करतो म्हणून दाजी तिच्याबरोबर जाऊ लागले. ते गेले, चार पायऱ्या चढून ‘जरा टेकतो’ म्हणाले आणि तेव्हापासून टेकलेलेच आहेत. ताई खाली लिंबं पिळते आणि दाजी वर माकडं बघतात. कुणी चुकून ‘वानरं बघताय का?’ असं विचारलं, की मात्र ते खवळतात. “काळ्या तोंडाचं ते वानर, लाल तोंडाचं ते माकड. म्हशीला गाय म्हणता का राव तुमी?” गणपतीला निघालेला भाविक बिचारा निमूट माफी मागतो आणि पुढे जातो.

टोळीतलं एकूण एक माकड दाजी ओळखतात, तेही नात्याने. मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेली, एका कानाचा तुकडा गेलेली म्हातारी माकडीण ही ‘थोरली’. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी, त्यांतली कोण कुणावर रुसली, कुणाचं बाळ कुणाच्या मांडीवर असतं, हे सगळं ते जेवताना ताईला सांगतात. ताईला स्वतःच्या चुलतसासवा आठवत नाहीत, पण थोरलीच्या धाकट्या लेकीचा मान मोठ्या बहिणींपेक्षा वरचा असतो, हे तिला पाठ आहे. एकमेकांच्या अंगावरच्या उवा-कोंडा काढण्याला दाजी राजकारण मानतात. “ज्याच्याशी गोडी करायची त्याचीच पाठ निवडत्यात. माणसाचं बी त्येच.” गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी एका पुढाऱ्याला दुसऱ्याच्या सदऱ्यावरचा धागा उचलताना पाहिलं आणि दोघे एक होणार असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. दोघे खरोखरच एक झाले. तेव्हापासून गावात कुणी कुणाच्या अंगावरची धूळ झटकत नाही.

फोटोत दाजी कधी हसत नाहीत. माकडाने असे दात दाखवले तर त्याचा अर्थ ‘मी तुम्हाला भितो’ असा होतो, असं त्यांचं म्हणणं. “मी का म्हणून दात दावू? मी काय फोटोवाल्याला भेतो का?” अनोळखी माणसाकडे ते सरळ बघत नाहीत, कारण डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे भांडणाचं आमंत्रण. एका बाबतीत मात्र ते पक्के कडक आहेत. माकडांना खायला घालायचं नाही. “आयतं दिलं की पावणा बिघडतो,” असं म्हणून त्यांनी कित्येकांच्या हातातली केळी परत पिशवीत टाकायला लावली आहेत. त्यात ताईच्या गिऱ्हाइकांचीही केळी असत.

गेल्या वर्षी त्यांनी नवीनच सांगायला सुरुवात केली. पायऱ्यांच्या फटीत पडलेले फुटाणे थोरली काडीने उकरून काढते म्हणे. काडीही हाताला येईल ती नाही, तर फाटे दाताने सोलून नीट केलेली. आमच्यापैकी कुणी ते पाहिलं नव्हतं. “काडी वापरती म्हणं!” ताई म्हणाली. “उद्या भाकऱ्या थापंल तुमची थोरली.” मीही हसलो.

त्याच सुमारास भाचीचं स्थळ आलं. मुलगा बेल्ह्याचा, शिकलेला, नोकरीला लागलेला, आणि मुख्य म्हणजे भाचीच्या मनात भरलेला. मुलाचे वडील बैलांच्या व्यापारातले. बैलाचे दात बघून वय सांगणारा भारदस्त माणूस, फक्त कानाने अधू. बोलणी करायची ती गणपतीचं दर्शन घेऊन, तिथेच, असा त्यांचा आग्रह होता. ताईने दाजींना आदल्या दिवशीच बजावलं, “उद्या माकडाचं नाव काढायचं न्हाई. लेकीच्या जन्माचा प्रश्न हाय.” मीही मंचरहून मुद्दाम गेलो होतो, तो दाजींवर लक्ष ठेवायला.

दाजी शब्दाला जागले. दर्शन झालं, उतरताना सगळे अर्ध्या वाटेवर सावलीला बसले, तरी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. पाहुण्यांकडे सरळ न बघण्याची सवय मात्र गेली नव्हती. त्यामुळे मुलाची आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मुलीचे वडील तिरळे हायेत का?” मी ‘नाही’ म्हणतोय तोवर मुलाच्या वडिलांनी घाम पुसायला कानातलं मशीन काढलं आणि रुमालावर ठेवलं. शेंगदाण्याएवढं, शेंगदाण्याच्याच रंगाचं ते मशीन एका तरुण नराने झडप घालून उचललं, तोंडात टाकलं, चव न आवडल्याने थुंकलं, आणि ते टणटण उडत पायरी आणि कातळाच्या मधल्या फटीत गेलं.

नवरदेवाने हात घातला, तो मनगटाला अडला. आत्याने केसातली पिन घातली, तसं मशीन आणखी आत सरकलं. फट आत जाऊन वळत होती. “हा अपशकुन हाय,” आत्या म्हणाली. मुलाचे वडील उठून उभे राहिले आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “आता बोलणी नकोत. कानानं ऐकल्याबिगर मी शब्द देत नसतो!” ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजी जमिनीकडे बघत बसले होते. तेवढ्यात भाची त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, “आण्णा, बोलवा की थोरलीला.”

दाजींनी ताईकडे पाहिलं. ताईने डोळे पुसले आणि मान डोलावली. मग दाजींनी तिच्या पिशवीतला शेंगदाण्यांचा पुडा काढला. “आयतं न्हाई, उकरून खायाचं हाय तिनं,” असं पुडा सोडताना ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी मूठभर दाणे फटीत सोडले आणि सगळ्यांना बाजूला नेऊन तिरकं बसवलं. “तोंडं मिटा. दात दावायचं न्हाई कोणी.” मग स्वतः थोडे पुढे बसले आणि झाडावरच्या थोरलीकडे तोंड करून ओठ चपचप वाजवू लागले. माकडांत तो रामराम असतो. पण बेल्ह्याच्या पाहुण्यांना एवढंच दिसलं, की होणारे व्याही माकडिणीला मुके देताहेत.

थोरली उतरली. घाई अशी तिला नव्हतीच. आधी तिने फटीत डोकावलं, हात घालून पाहिला, मग मागे जाऊन एक वाळकी काडी उचलली. तिचा बाजूचा फाटा दाताने सोलला. ती हात कोपरापर्यंत आत घालून काडीने ओढायची आणि दाणा बाहेर यायचा. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग काडीसरशी मशीन बाहेर आलं. तिने ते हुंगलं आणि बाजूला टाकून दिलं. नवरदेव झेपावायला निघाला, तर दाजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तिचं जेवण हुंद्या.” शेवटचा दाणा गालात भरून थोरली गेली, तेव्हाच दाजी उठले, मशीन धोतराच्या सोग्याला पुसलं आणि अदबीने मुलाच्या वडिलांच्या हातात दिलं.

मशीन कानात कुईं करून लागलं. पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं ते ताईचं. “अवो, ते वठ चपचप करताना लई वंगाळ दिसलात तुमी!” पाहुणे असे खदाखदा हसले, की त्यांच्या दाढाही दिसल्या. दाजींनी ते दात पाहिले आणि मनापासून धीर दिला, “भिऊ नका, व्याही.” लग्न तिथेच, त्या पायरीवर ठरलं.

लग्नही छान झालं. पाठवणीला सगळे रडले, दाजी नाही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात दिसेनात, म्हणून मी पायऱ्यांकडे गेलो. ते नेहमीच्या जागी बसले होते. समोर थोरली, तिच्याभोवती लेकी, नाती, एकमेकींना टेकून उन्हाला बसलेल्या. त्यांच्याकडे बघत दाजी म्हणाले, “पावणं, यांच्यात पोरगी कुठं जात न्हाई. जल्मली तिथंच ऱ्हाती, आयशीपाशी. जायचं ते पोरानं.”

“बेल्हं काय लांब आहे दाजी?” मी म्हणालो.

“लांब न्हाई,” ते म्हणाले. “पर घरातल्या घरात बी न्हाई.”

खाली ताई स्टॉलचा पडदा एकटीच वर बांधत होती. दोरी तिच्या हाताला पुरत नव्हती. दाजींनी ते पाहिलं आणि गुडघ्यावर हात रेटून उठले. “चला,” म्हणाले, “तिला आज करमायचं न्हाई.” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते ऊन चढायच्या आत पायऱ्या उतरून खाली गेले, लिंबं पिळायला.